लांडगेवाल्या चेरोकी आजोबांना आता निवृत्त करा

परिपाठात, व्याख्यानांत, मुलांच्या पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत ‘चेरोकी आजोबा’ आणणाऱ्या सर्व शिक्षक, वक्ते, संपादक, ग्रंथपाल आणि चित्रकार मंडळींना,

स. न. वि. वि.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी थोडक्यात सांगतो. एक म्हातारा चेरोकी (अमेरिकेतल्या चेरोकी या आदिवासी जमातीचा) आजोबा नातवाला जवळ बसवतो आणि म्हणतो की माझ्या मनात दोन लांडग्यांची झुंज लागली आहे. एक राग, लोभ, मत्सराचा. दुसरा प्रेम, शांती, नम्रतेचा. नातू विचारतो, जिंकतं कोण? आजोबा म्हणतात, मी ज्याला खाऊ घालतो तो. टाळ्या.

ही गोष्ट मला नातेवाइकांच्या ग्रुपवर आली, सोसायटीच्या ग्रुपवर आली, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर तर दर सहा महिन्यांनी येते. ताणतणावावरच्या एका मराठी व्याख्यानात ऐकली. पुतणीच्या शाळेत ती परिपाठाला बोधकथा म्हणून सांगितल्याचंही कळलं. सोबतचं चित्र ठरलेलं असतं: मावळता सूर्य, आजोबांच्या डोक्यावर कमरेपर्यंत लोंबणारा पिसांचा टोप, मागे कातड्याचा निमुळता तंबू. मी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात राहतो. चेरोकी नेशन या चेरोकींच्या स्वशासित राष्ट्राची राजधानी ताहलेक्वा इथून गाडीने सव्वा-दीड तासावर आहे, आणि टल्साचा काही भाग त्यांच्याच आरक्षित प्रदेशात मोडतो. ऑफिसात, मुलांच्या शाळेत, किराणा दुकानाच्या रांगेत चेरोकी माणसं भेटतात. ज्यांना ज्यांना मी या गोष्टीबद्दल विचारलं त्यांनी ती तुमच्या-माझ्यासारखीच फोनवर वाचलेली निघाली. एकजण हसून म्हणाला, "आमच्या आजोबांना एवढं आटोपशीर बोलता येत नव्हतं."

आधी तिचं मूळ पाहू. बिली ग्रॅहॅम या प्रसिद्ध अमेरिकन ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या १९७८ च्या एका पुस्तकात तिचं जुनं रूप सापडतं. तिथे चेरोकी नाहीत, आजोबा नाहीत, नातू नाही आणि लांडगेही नाहीत. एक एस्किमो कोळी दर शनिवारी एक काळा आणि एक पांढरा कुत्रा घेऊन गावात येतो आणि त्यांची झुंज लावतो. लोक पैजा लावतात. कधी काळा जिंकतो, कधी पांढरा, पण कोळ्याची पैज कधी हुकत नाही, कारण ज्याला जिंकवायचं त्याला त्याने खाऊ घातलेलं असतं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवलेलं असतं. माणसातल्या देहाच्या आणि आत्म्याच्या ओढाताणीवरचा हा प्रवचनातला दृष्टांत. पुढे हातोहात फिरताना कुत्र्यांचे लांडगे झाले, कोळ्याचा आजोबा झाला. पैज मात्र वाटेत गळाली. जुगारी माणूस बोधकथेत शोभत नाही, हे खरंच.

आणि चेरोकींचा स्वतःचा लांडगा? जेम्स मूनी नावाचा संशोधक १८८७ पासून अनेक हंगाम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांतल्या चेरोकींमध्ये जाऊन राहिला. आयुनिनी, इंग्रजीत स्विमर, या वैदूकडून आणि इतर जाणत्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या शंभराहून अधिक कथा त्याने १९०० साली छापल्या. त्यांत दोन लांडग्यांची झुंज नाही. उलट लांडगा हा कनाती या आद्य शिकाऱ्याचा राखणदार, म्हणून साधा चेरोकी माणूस होता होईतो लांडगा मारत नसे, अशी नोंद आहे. चेरोकींच्या सात कुळांपैकी एक कूळच लांडग्याचं आहे. त्या कुळातल्या आजीसमोर जाऊन ‘तुमच्या परंपरेतल्या दुष्ट लांडग्याची गोष्ट सांगा’ म्हणून पाहा.

दुसरी अडचण पुस्तकाच्या रूपात आली आहे, म्हणून जास्त चिवट आहे. १९७६ साली अमेरिकेत ‘द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री’ नावाचं पुस्तक लेखकाच्या बालपणाची खरी कहाणी म्हणून निघालं. टेनेसीच्या डोंगरात आजी-आजोबांकडे वाढणारा, रानाकडून शिकणारा एक पोरका चेरोकी मुलगा. लेखकाचं नाव फॉरेस्ट कार्टर. हा माणूस वास्तवात अलाबामाचा एसा अर्ल कार्टर होता. तो कु क्लक्स क्लान या गोऱ्या वंशवाद्यांच्या हिंसक संघटनेत वावरलेला, आणि जॉर्ज वॉलेस या गव्हर्नरने १९६३ मध्ये वर्णभेद कायम राहील अशी गर्जना केली ते भाषण लिहिणाऱ्यांपैकी एक. हे १९७६ मध्येच छापून आलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९९१ मध्ये पुस्तक पुन्हा खपाच्या यादीत वर चढलं तेव्हा इतिहासकार डॅन कार्टर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, आणि त्या वृत्तपत्राने पुस्तक सत्यकथनाच्या यादीतून उचलून कादंबऱ्यांच्या यादीत टाकलं.

शिक्षणात वेगळे प्रयोग करणाऱ्या आपल्या मंडळींत या पुस्तकाविषयी फार मायेने बोललेलं मी ऐकलं आहे. ते गोडच आहे, आणि तिथेच खरी गोम आहे. त्यातल्या आजी-आजोबांना कूळ नाही, नाचाचं मैदान नाही, स्वतःचं सरकार नाही, न्यायालय नाही. चेरोकी म्हणून दिलेले कित्येक शब्द त्या भाषेत नाहीत. आहेत ते तीन जीव, झाडं आणि शहाणपण. एका वर्णभेदवाद्याला असाच आदिवासी आवडावा याचं मला नवल वाटत नाही. तो आपल्या रानात सुखी आहे, कुणाकडे काही मागत नाही, कुठल्या करारावर बोट ठेवत नाही.

तुम्ही म्हणाल, बोध चांगला आहे ना, मग कुणाच्या का तोंडी असेना. मला विचाराल तर बिघडतं ते इथे: ज्या आजोबांच्या तोंडी आपण तयार सुविचार घालतो, त्या खऱ्या आजोबांच्या हातात वेळ कमी उरला आहे. त्यांच्याकडे जे आहे ते नातवंडांपर्यंत पोचावं म्हणून एक अख्खं राष्ट्र पैसा, कायदे आणि माणसं लावून धडपडतं आहे. ही गोष्ट लांडग्यांपेक्षा किती तरी थरारक आहे, आणि ती मराठी मुलांपर्यंत पोचतच नाही.

चेरोकी नेशनचे नागरिक साडेचार लाखांहून जास्त आहेत. नोंदणीकृत नागरिकांच्या संख्येने ही अमेरिकेतली सर्वांत मोठी आदिवासी जमात. पण चेरोकी भाषा अस्खलित बोलणारे सुमारे २,००० उरले, आणि त्यांतले बहुतेक साठी ओलांडलेले. जून २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी सरकारांनी (ताहलेक्वातली चेरोकी नेशन आणि युनायटेड किटूवा बँड, आणि नॉर्थ कॅरोलायनातला ईस्टर्न बँड) एकत्र बसून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. पूर, दुष्काळ पडल्यावर सरकारं करतात तशी, रीतसर ठराव करून.

इथवर पाळी कशी आली? १८३० चा हकालपट्टीचा कायदा, १८३५ मध्ये मूठभरांनी राष्ट्राच्या नावावर केलेला न्यू एकोटाचा तह, आणि १८३८-३९ मध्ये बंदुकीच्या धाकाने जॉर्जिया, टेनेसी, कॅरोलायनाहून ओक्लाहोमाकडे हाकलले गेलेले सुमारे १६,००० लोक. त्यांतले सुमारे ४,००० छावण्यांत आणि वाटेत मेले असा अंदाज आहे. हे ‘अश्रूंची वाट’ या नावाने आपल्याकडे एका परिच्छेदात तरी ऐकलेलं असतं. मात्र त्या वाटेवर भाषा मेली नाही. इथे पोचल्यावर १८४१ मध्ये चेरोकींनी स्वतःची सार्वजनिक शाळाव्यवस्था उभी केली, १८४४ पासून स्वतःचं नवं वृत्तपत्र काढलं. भाषेवर घाव बसला तो नंतर. १८९८ च्या कायद्याने त्यांची सत्ता मोडीत निघाली, शाळा वॉशिंग्टनच्या ताब्यात गेल्या, १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. देशभर मुलांना घरापासून तोडणाऱ्या सरकारी निवासी शाळा होत्याच. १८१९ ते १९६९ या काळातल्या अशा ४०८ शाळा अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याने २०२२ च्या अहवालात मोजल्या. मातृभाषा बोललं की मार, तोंडात साबण, अशा आठवणी कितीतरी म्हाताऱ्यांनी सांगितल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मार खाल्लेली ती पोरं मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या लेकरांवर ही वेळ नको म्हणून घरात इंग्रजी बोलू लागली.

म्हणून आज चेरोकी घरात बहुधा मधली पिढी भाषेत मुकी असते. आजीला बोलता येतं, आईला निम्मं कळतं, नातीला शिकायचं असतं. आजी-नातीचं नातं इथे हौसेचं राहिलेलं नाही. मधला पूल पडल्यामुळे टोकाच्या दोघींना थेट हात पोचवावा लागतो आहे. कित्येक घरांत तर आजीही गप्प असते, कारण मार तिच्याच पिढीने खाल्ला. आणि शाळेतून आलेली नात तिला शब्द विचारता विचारता बोलती करते.

ती शाळा म्हणजे २००१ मध्ये ताहलेक्वात लहान मुलांसाठी सुरू झालेली, सगळं चेरोकीतच शिकवणारी शाळा. पण पोरांनी शिकून भागत नाही, पुढे त्यांना शिकवणार कोण? म्हणून मोठ्यांसाठी वेगळी योजना आहे. तरुण माणसाने दोन वर्षं, आठवड्याला चाळीस तास, अस्खलित बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांसोबत बसायचं, आणि त्याबद्दल त्याला वेतन मिळतं. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐकण्याची नोकरी! २०१९ मध्ये या कामासाठी १ कोटी ६० लाख डॉलर बाजूला काढणारा कायदा झाला, आणि त्याला नाव दिलं ते डर्बिन फीलिंग यांचं. त्यांनी १९७५ चा चेरोकी-इंग्रजी शब्दकोश रचला होता; २०२० मध्ये ते गेले. २०२२ मध्ये त्यांच्या नावाचं भाषाकेंद्र उघडलं, एका जुन्या कसिनोच्या इमारतीत. जवळच भाषा बोलणाऱ्या वृद्धांसाठी घरं बांधली आहेत, म्हणजे तेही शेजारी राहतील आणि पोरांनाही ते सापडतील.

डिसेंबर २०२० मध्ये कोविडची लस आली तेव्हा पहिल्या खेपेच्या मोजक्या कुप्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न जगभर होता. चेरोकी नेशनने डॉक्टर-परिचारिकांच्या बरोबरीने भाषा अस्खलित बोलणाऱ्यांना रांगेत पुढे घेतलं.

लिपीची गोष्ट मराठी मुलांना विशेष आवडेल. सेक्वोया नावाच्या, इंग्रजी लिहिता-वाचता न येणाऱ्या चेरोकी माणसाने अनेक वर्षं खपून १८२१ मध्ये आपल्या भाषेची लिपी पुरी केली. एका अक्षराला एक पूर्ण उच्चार. आज ८५ अक्षरं वापरात आहेत. बाराखडी घोकलेल्या मुलाला तिचा तक्ता पाहून काही समजावून सांगावं लागत नाही: एका ओळीत ग, गे, गि, गो, गु, आणि शेवटी नाकातून निघणारा एक स्वर. सेक्वोयाची पहिली विद्यार्थिनी होती त्याचीच लहानगी मुलगी अयोका. ही जादूटोण्याची भानगड नाही हे गावाला पटवण्यासाठी बापलेकीने एकमेकांपासून दूर बसून चिठ्ठ्या वाचून दाखवल्या असं सांगतात. काही वर्षांत लिपी घरोघर गेली, आणि २१ फेब्रुवारी १८२८ ला जॉर्जियातल्या न्यू एकोटातून ‘चेरोकी फिनिक्स’ हे चेरोकी-इंग्रजी वृत्तपत्र निघालं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’, तेही दुभाषीच, १८३२ चं. म्हणजे आपल्या आधी चार वर्षं. पत्रकार दिनाला सांगायला ही गोष्ट लांडग्यांपेक्षा बरी नाही का?

आणि पुष्कळ म्हाताऱ्या चेरोकींनी ही लिपी गिरवली ती बायबलच्या नव्या करारातून आणि भजनांच्या पुस्तकातून. हो, बायबल. तुमच्या चित्रातला धुनीपुढे ध्यानस्थ बसलेला आजोबा रविवारी बॅप्टिस्ट चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून चेरोकीत भजन म्हणत असेल, आणि शनिवारी रात्री त्याचाच चुलतभाऊ नाचाच्या मैदानात फेर धरत असेल. दोन्ही चेरोकीच.

आता आजी-आजोबा शिकवतात काय, ते. एलिसी म्हणजे आजी, एदुदू म्हणजे आजोबा. सुविचार ऐकायला कुणी कुणाच्या पायाशी बसत नाही. हातात काम दिलं जातं.

थंडी सरता सरता रानात कोवळा जंगली कांदा उगवतो. तो कुठे सापडतो आणि त्याच्यासारखं दिसणारं कोणतं गवत उपटायचं नाही, हे नजरेने शिकायचं. मग घरी तो चिरून अंड्यांत परततात. त्या दिवसांत गावोगावच्या चर्चमध्ये कांदा-अंड्याची जेवणं होतात. शरदात हिकरीची फळं वेचायची. अक्रोडाच्या कुळातलं हे झाड. फळं वाळवायची, फोडायची, टरफलं चाळायची. हे पोरांचं काम, बोटं काळी होईपर्यंत. मग पोखरलेल्या ओंडक्याच्या उखळात लांब मुसळाने कुटायचं. कुटता कुटता गराला तेल सुटतं आणि त्याचे लाडूसारखे गोळे वळता येतात. त्याला कनूची म्हणतात. लागेल तेव्हा गोळा उकळत्या पाण्यात विरघळवायचा, उरलीसुरली टरफलं गाळून काढायची, आणि ते दुधाळ पेज होतं त्यात राखेच्या पाण्यात शिजवलेला मका किंवा नुसता भात घालायचा. साखर की मीठ, यावर घराघरांत तट आहेत. मी एकदाच चाखली, भातातली, साखर घातलेली. टरफलाची एक कपची दाताखाली आली तेव्हा वाढणाऱ्या बाई नातवाकडे बघून म्हणाल्या, "नीट गाळलं नाहीस." कनूचीतला धडा तेवढाच.

टोपल्यांमध्ये तर इतिहास विणलेला आहे. पूर्वेच्या डोंगरात टोपल्या नदीकाठच्या वेताच्या आणि पांढऱ्या ओकच्या. हाकलून इथे आणल्यावर तो वेत हाताशी उरला नाही, तेव्हा बायकांनी इथली बकब्रशची झुडपं आणि हनीसकलच्या वेली उकळून सोलून त्यांच्या दुहेरी भिंतीच्या गोल टोपल्या विणायला घेतल्या. आजी वेली ओळखायला शिकवते, अक्रोडाच्या सालीचा तपकिरी रंग काढायला शिकवते. आणि नातीने विचारलं, की आपण हीच वेल का वापरतो, तर उत्तरात १८३८ येतंच.

मग नाच. रात्री मैदानाच्या मधोमध अग्नी, त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फेर. पुढचा पुरुष हाक देतो, मागचे ओळ उचलतात. पण ताल बायकांच्या पायांत असतो: कासवांच्या पाठीत खडे भरून, त्या एकत्र जोडून पोटऱ्यांना बांधतात. बायकांच्या पायातला हा खुळखुळाट नसेल तर नाच सुरूच होत नाही. पुष्कळ जणी कासवाऐवजी आटीव दुधाच्या रिकाम्या डब्यांत खडे भरून तेच बांधतात, आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. छोट्या पोरी आजीच्या मागे पाऊल जुळवत जातात, पोरं फेराच्या शेपटाला. तिथे फोटो काढू देत नाहीत. म्हणून इंटरनेटवर ‘चेरोकी नृत्य’ म्हणून जे रंगीत फोटो मिळतात ते बहुधा पाऊवाऊचे, सगळ्या जमातींच्या एकत्र मेळ्याचे असतात. चित्रकारांनी एवढं ध्यानात ठेवावं.

गोष्टीही असतातच, नाही कशा? पण त्यांची चव वेगळी. मूनीने नोंदवलेली अग्नीची कथा घ्या. जग थंड होतं. मेघगर्जना करणाऱ्या देवांनी एका बेटावरच्या सिकॅमोर झाडाच्या ढोलीत वीज पाडून अग्नी ठेवला. डोमकावळा आणायला गेला, पिसं करपून काळा झाला. एकामागून एक घुबडं गेली. कुणाचे डोळे धुराने लाल झाले, कुणाच्या डोळ्यांभोवती राखेची कडी उमटली ती कायमची. साप गेले, भाजून काळे पडून परतले. बडी बडी मंडळी नाना सबबी सांगू लागली. शेवटी पाणकोळी, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्याची पाण्यावरची जात, म्हणाली, मी जाते. पाण्यावरून पळणं तिला येतंच, पण निखारा आणणार कशात? तिने अंगातून धागा काढून त्याची इवलीशी वाटी विणली, पाठीला बांधली, एक निखारा त्यात घातला आणि आली. तेव्हापासून अग्नी आहे, आणि वाटी अजून तिच्या पाठीवर आहे. गोष्ट संपली. ‘यावरून आपण काय शिकलो?’ असं शेवटी कुणी विचारत नाही. परिपाठवाल्या शिक्षकांना हे जरा अवघड जाईल, पण करून बघा.

गोट्याही आहेत. बिलियर्डच्या चेंडूएवढ्या, पूर्वी दगड घासून केलेल्या. सुमारे शंभर फुटांचं मैदान, काटकोनात पाच खळगे. सप्टेंबरच्या सुरुवातीला, १८३९ च्या राज्यघटनेच्या स्मरणार्थ, ताहलेक्वात राष्ट्रीय सण भरतो तेव्हा सामने बघायला मिळतात. सत्तरीचे गृहस्थ दहा वर्षांच्या पोराची गोटी बिनदिक्कत उडवून लावतात. दयामाया नाही.

कुळाविषयी थोडं. कूळ आईकडून येतं, म्हणजे आईच्या आईकडून. तू कोण, याचं जुनं उत्तर आजी देते, आणि एका कुळात लग्न करायचं नाही हा नियम आपल्याकडच्या सगोत्र विवाहबंदीसारखाच. नागरिकत्वाचं उत्तर मात्र कागद देतो: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुऱ्या झालेल्या डॉज यादीत (जमातीतल्या माणसांच्या सरकारी नोंदीत) पूर्वजाचं नाव हवं. त्या यादीत एक वेगळा भाग होता तो चेरोकींनी गुलाम म्हणून राबवलेल्या काळ्या माणसांचा. १८६६ च्या तहाने त्यांना हक्क दिले होते. त्यांच्या वंशजांना ते पुन्हा मिळवायला २०१७ मध्ये फेडरल न्यायालयाचा निकाल यावा लागला, आणि २०२१ मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने घटनेतली ‘रक्ताने’ चेरोकी असण्याची अट काढून टाकली. तेव्हा तुमच्या चित्रातले चेरोकी आजोबा काळे असू शकतात. निळ्या डोळ्यांचेही असू शकतात. डोक्यावर बहुधा बेसबॉलची टोपी असेल. जुन्या काळचे दाखवायचे असतील तर सेक्वोयाचं प्रसिद्ध चित्र पाहा: डोक्याला चक्क फेट्यासारखं गुंडाळलेलं कापड आहे, पिसांचा टोप नाही. तो टोप आणि तो तंबू मैदानी प्रदेशातल्या जमातींचा. चेरोकी माती-कुडाच्या आणि पुढे ओंडक्यांच्या घरात राहत.

आजी-आजोबांचा प्रश्न इथे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, हे आपल्याकडे बहुधा कुणी सांगत नाही. १९६९ आणि १९७४ च्या पाहण्यांत आढळलं की आदिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुलं घरातून काढून परक्या कुटुंबांत किंवा संस्थांत ठेवलेली होती. मूल काढून घ्यायला ‘आजीकडे वाढतंय, आईबाप सांभाळत नाहीत’ एवढं कारणही पुरे होई. समाजसेवा खात्यातल्या लोकांना मोठं कुटुंब ही चीज समजत नव्हती. म्हणून १९७८ मध्ये इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट आला: मूल दत्तक द्यायचंच झालं तर आधी विस्तारित कुटुंब, मग त्याची जमात, मग इतर आदिवासी कुटुंब. टेक्सासने आणि काही दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्यांनी त्याला आव्हान दिलं. चेरोकी नेशन इतर जमातींसह बचावाला उभी राहिली, आणि १५ जून २०२३ ला सात विरुद्ध दोन मतांनी कायदा टिकला. नातवंडाने आजीजवळ असण्याला या देशात अशी किंमत मोजावी लागली आहे. त्या आजीच्या तोंडी सुविचार घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

तर विनंत्या. लांडग्यांची गोष्ट सांगायचीच असेल तर खुशाल सांगा, पण ‘एका अमेरिकन प्रवचनकाराचा दृष्टांत’ म्हणून, आणि जमलं तर जुगारी कोळ्यासकट. मुलांना तो जास्त आवडेल. ग्रंथपालांनी ‘लिटल ट्री’ची प्रत फेकून देऊ नये. ती कादंबऱ्यांत लावावी आणि आतल्या पानावर लेखक कोण होता ते दोन ओळींत चिकटवावं. वर मोठ्या मुलांशी यावर चर्चा घ्यावी: इतकं गोड पुस्तक अशा माणसाने का लिहिलं असेल? पाणकोळीची कथा १९०० मध्ये छापलेली, हक्कमुक्त आहे. चेरोकी लेखक-लेखिकांची आजची चित्रपुस्तकं मात्र हक्कमुक्त नाहीत. ती घ्यायची तर रीतसर परवानगी आणि मानधन द्या, ‘सौजन्य: इंटरनेट’ नको.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून हे आत्ता लिहितो आहे. चित्रकारांना कासवाच्या पाठींची बांधणी, टोपल्यांची वीण किंवा गोट्यांच्या मैदानाची आखणी पाहायची असेल तर ताहलेक्वाच्या चेरोकी राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाकडे विचारणा करावी. मला टल्साहून तिकडे चक्कर मारून काही बघून यायला सांगितलंत तर तेही करीन. फक्त नाचाच्या मैदानातला फोटो मागू नका.

आपला,
टल्सातला एक मराठी वाचक